जुना ऑटोफोकस आडव्या रेघांपुढे का अडतो?
जुना फिल्म कॅमेरा हौसेने घेणाऱ्यांची एक ठरलेली तक्रार: ‘लेन्स नुसती घरघरत मागेपुढे होते, फोकस काही लागत नाही!’ दर वेळी बिघाडच असतो असं नाही. १९८५ चा मिनोल्टा ७००० घ्या. ऑटोफोकसची मोटर बॉडीतच असलेला, त्या काळी प्रचंड गाजलेला एसएलआर. पण फोकसचा सेन्सर एकच, फ्रेमच्या मधोमध, आणि तोही आडवा. त्याला उभ्या कडा नीट कळतात. खिडकीच्या आडव्या पट्ट्या समोर आल्या की गडी गोंधळलाच. अशा वेळी कॅमेरा उभा धरा, बटण अर्धं दाबून फोकस लॉक करा, तसंच दाबून ठेवून कॅमेरा आडवा करा आणि फोटो घ्या. कोरी भिंत किंवा अंधुक उजेड असेल तर सरळ मॅन्युअल. आणि धावती पोरं? नाद सोडा. समोरचा कुठे पोचेल याचा अंदाज बांधणारा ऑटोफोकस मिनोल्टाने १९८८ मध्ये ७०००आयमध्ये दिला.

विकत घेताना चांगल्या उजेडात दाराच्या उभ्या कडेवर कॅमेरा रोखून बघा. तिथेही लेन्स घरघरतच राहिली, तर मात्र पैसे खिशातच ठेवा.