क्वांटम स्पिन-द्रव : हर्बर्टस्मिथाइट या खनिजाच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

तापमान उतरत गेले की पाण्याचा बर्फ होतो. त्याचप्रमाणे बहुतेक चुंबकीय पदार्थांतील स्पिन, म्हणजेच इलेक्ट्रॉनांची सूक्ष्म चुंबके, ठरावीक दिशांत स्थिरावतात. काही स्तरित पदार्थांत मात्र निरपेक्ष शून्याच्या निकट जाऊनही असे गोठणे घडत नाही. या अवस्थेस क्वांटम स्पिन-द्रव म्हणतात. पदार्थ घनच असतो. द्रवाची उपमा केवळ त्यातील स्पिनांना लागू पडते. ही अवस्था सिद्ध करणे कठीण का आहे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

चुंबकीय कोंडी

प्रतिलोहचुंबकीय पदार्थात शेजारचे स्पिन परस्परविरुद्ध दिशेने राहू पाहतात. चौरस जालकात ही अट सहज पाळली जाते. त्रिकोणात मात्र दोन स्पिन परस्परविरुद्ध झाले की तिसऱ्यास दोघांच्याही विरुद्ध राहता येत नाही. हीच चुंबकीय कोंडी होय. १९७३ मध्ये फिलिप अँडरसन यांनी असे सुचविले की, त्रिकोणी जालकातील स्पिन जोड्या बनवतील आणि जोड्या जुळण्याच्या अनेक शक्यता एकाच वेळी अस्तित्वात राहतील. साध्या त्रिकोणी जालकात स्पिन १२० अंशांच्या कोनांत स्थिरावतात, असे पुढील गणनांतून दिसून आले. त्यामुळे केवळ कोपऱ्यांनी जोडलेल्या त्रिकोणांच्या जालकाकडे लक्ष वळले. जपानी टोपलीच्या विणीवरून त्यास कागोमे हे नाव पडले आहे.

हर्बर्टस्मिथाइटचा पुरावा

या खनिजात तांब्याच्या आयनांचे कागोमे स्तर असून त्यांच्या दरम्यान अचुंबकीय जस्त असते. २००५ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे ते प्रयोगशाळेत तयार करण्यात आले. त्यातील स्पिनांमधील आंतरक्रिया सुमारे १९० केल्व्हिन तापमानाइतकी प्रबळ आहे, तरीही ०.०५ केल्व्हिनपर्यंत चुंबकीय सुव्यवस्था आढळली नाही. २०१२ मध्ये एकस्फटिकावरील न्यूट्रॉन प्रकीर्णनात ठरावीक ऊर्जेच्या तरंगांऐवजी ऊर्जेचा अखंड पट्टा दिसला. स्पिनची एक उत्तेजना दोन अर्धांमध्ये विभागली जाते, या कल्पनेशी हे निरीक्षण सुसंगत आहे.

शंकास्थाने

जस्ताच्या सुमारे १५ टक्के जागांवर तांबे शिरलेले असते. हे आगंतुक स्पिन कमी ऊर्जेच्या मापनांत मिसळतात. त्यामुळे सर्वांत लहान उत्तेजनेलाही काही किमान ऊर्जा लागते का, या मूलभूत प्रश्नावर मतभेद आहेत. अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदनाच्या प्रयोगांवरून २०१५ मध्ये अशी किमान ऊर्जा असल्याचा, तर २०२० मध्ये ती नसल्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला.

निष्कर्ष

सुव्यवस्थेचा अभाव ही स्पिन-द्रवाची आवश्यक अट आहे, पुरेशी नव्हे. कारण स्फटिकातील दोषही सुव्यवस्था रोखू शकतात. म्हणूनच अधिक निर्दोष स्फटिकांची निर्मिती आणि उत्तेजनांचे थेट मापन यांवरच या प्रश्नाचा निर्णय अवलंबून आहे.