सोलून निघणारा रंग

पवनारजवळ धाम नदी ओलांडणाऱ्या नागपूर-वर्धा रस्त्यावर घटकाभर उभे राहिले, तर जुन्या ट्रकांचे वय त्यांच्या रंगावरून ओळखता येते. केबिनच्या छपरावरचा रंग उन्हाने खडूसारखा झालेला असतो. बोट फिरवले की भुकटी लागते. दाराच्या खालच्या कडेला गंज, बंपरवर पोपडे, फाळक्यांवर दोर घासून उमटलेले पट्टे. इंजिन मात्र ठणठणीत असते आणि गाडी रोज कमावत असते. फक्त तिची कळा गेलेली असते.

या गेलेल्या कळेवर गॅरेजवाल्यांचा ठरलेला इलाज म्हणजे डेंटिंग-पेंटिंग. जुना रंग खरवडायचा, पुट्टी भरायची, पॉलिश पेपर मारायचा, प्रायमर द्यायचा आणि मग रंगाचे हात. काम चोख होते, पण गाडी कित्येक दिवस उभी राहते. मालकाला रंगापेक्षा हे बुडालेले भाडेच जड जाते. म्हणून सोलून काढता येणाऱ्या रबरी रंगाची गोष्ट त्याच्या कानावर आली की तो लक्ष देऊन ऐकतो.

हा रंग मुळात गाड्यांसाठी नव्हताच. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातली ‘प्लास्टी डिप’ बनवणारी कंपनी १९७२ पासून या धंद्यात आहे, आणि तिच्या मालाचा पहिला उपयोग अवजारांच्या मुठींना होता. पक्कड डब्यातल्या पातळ रबरात बुडवायची, वर काढून सुकवायची. मुठीवर मऊ, न घसरणारे कातडे तयार. पुढे तेच रबर फवाऱ्याच्या डब्यात आणि स्प्रे गनमध्ये आले, आणि मोटारींची चाके, जाळ्या, बोनेट रंगू लागली.

त्यामागचे तत्त्व सोपे आहे. कृत्रिम रबर आणि राळ थिनरसारख्या द्रावकांत विरघळवलेले असते. फवारल्यावर द्रावक उडून जातो आणि मागे रबराचा सलग पापुद्रा राहतो. गॅरेजमधला दोन डब्यांचा पीयू रंग हार्डनरशी रासायनिक क्रिया होऊन कडक होतो. हा तसा होत नाही, नुसता सुकतो. त्याची खालच्या पत्र्यावरची पकड बेताची, पण स्वतःशी जोड घट्ट. कडेला धरून ओढला की तुकडे न पडता चादरीसारखा निघतो तो याच कारणाने. त्याची दुखरी बाजूही इथेच आहे: ज्या द्रावकाने तो पातळ झाला, तसला द्रावक पुन्हा लागला तर तो पुन्हा विरघळतो. पेट्रोल सांडले की रंग तिथेच मऊ पडतो.

चांगला पेंटर हात मारण्याआधी अर्धा वेळ धुण्यात घालवतो. ग्रीसचा एक ठिपका राहिला, तर तिथून रंग उठतो. खडूसारखा झालेला जुना रंग आधी घासून काढावा लागतो. सुटणाऱ्या भुकटीवर कोणताच रंग धरत नाही. गंज तर वेगळाच विषय. रबर त्याला झाकते, बरे करत नाही. वरून काळीभोर, गुळगुळीत दिसणारी दाराची कड आतून खात राहिली, तर पुढच्या वर्षी पत्राच बदलावा लागेल. गंज खरवडून प्रायमर दिल्यावाचून हे रबर लावूच नये.

मग चार-पाच हात. पहिला इतका विरळ, की खालचा रंग आरपार दिसला पाहिजे. दोन हातांमध्ये पंधरा-वीस मिनिटे थांबायचे. अनेकांचे काम बिघडते ते शेवटी: मास्किंग टेप शेवटचा हात ओला असतानाच काढावी लागते. सुकल्यावर काढली, तर टेपेला चिकटलेले रबर शेजारच्या रबरालाही ओढून नेते आणि सरळ कडेच्या जागी फाटकी झालर उरते. रंग वाचवायचा म्हणून दोनच हात मारणेही महागात पडते. पातळ पापुद्रा सोलताना तुटतो आणि नखाने खरवडत बसावे लागते.

त्यात वर्ध्याचे ऊन. सुकलेले रबर उणे ३४ ते ९३ अंश सेल्सिअसपर्यंत टिकते असे उत्पादक सांगतात. तेव्हा मे महिन्यातल्या पंचेचाळीस अंशांना ते घाबरत नाही. अडचण असते ती लावताना. तापलेल्या पत्र्यावर पोचेपर्यंतच फवारा अर्धा सुकतो आणि पृष्ठभाग वाळूसारखा खरखरीत होतो. पावसाळ्यात दमट हवा आड येते. या भागात दिवाळीनंतरची कोरडी, थंड सकाळ त्याला सगळ्यात मानवते. जागा मात्र उघडी, वाहत्या हवेची हवी. द्रावकाची वाफ डोक्यात चढते आणि पेटतेही. शेजारी वेल्डिंग चालू असेल, तर स्प्रे गन हातात घेऊच नये.

आता मुख्य प्रश्न: अख्खा ट्रक असा रंगवावा का? मध्यम आकाराच्या मोटारीलाच सुमारे चार गॅलन, म्हणजे पंधरा लिटर लागतात. ट्रकचा पसारा त्याच्या कितीतरी पट. शिवाय कापसाच्या गाठी, ताडपत्रीचे दोर, फाळके उघडताना साखळीचा मार, हे सारे हौद्याच्या नशिबी रोजचेच. तिथे हे रबर चार खेपांत फाटेल. फाळक्यांना जुना एनामलच बरा. पण पुढची जाळी, आरशांच्या पाठी, चाकांच्या टोप्या, बंपर आणि केबिनवरचा एखादा पट्टा यांना हा उपाय खरोखर शोभतो. एका सुट्टीत काम होते आणि सोमवारी गाडी भाड्याला निघते.

रंगाला कायद्याचीही बाजू आहे. रस्त्यावरचे इतके जुने ट्रक तपकिरी का, याचे उत्तर मालकांच्या आवडीत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार नॅशनल परमिटच्या गाडीचा हौदा सुक्या पानासारखा तपकिरी आणि त्याला तीस सेंटीमीटर रुंद पांढरी किनार, असे बंधन होते. २०१८ साली ते सुटले. आता पुढे-मागे ‘एन.पी.’ ही अक्षरे ठळक लागतात. पण गाडीचा रंग नोंदणी पुस्तकात लिहिलेला असतो, म्हणून मूळ रंग बदलायचा तर आधी आरटीओत विचारावे. आणि मागची-बाजूची चकाकणारी टेप रबराखाली अजिबात जाऊ देऊ नये. रात्रीच्या रस्त्यावर मागून येणाऱ्याला उभा ट्रक तिच्यामुळेच दिसतो. पासिंगच्या वेळीही ती तपासतात.

  

दोन-तीन वर्षांनी ट्रकवरच्या रबराची चमक जाते. तेव्हा उन्हात गाडी थोडी तापू द्यायची, कोपऱ्यात नख घालून कड उचलायची आणि सावकाश, कोन न बदलता ओढत जायचे. निघालेले रबर नदीकाठी जाळायचे नाही. त्याचा धूर वाईट. खाली जुना रंग जसा झाकला होता तसाच सापडतो. कुठे पापुद्रा फार पातळ राहिला असेल, तर खरवडत बसू नये. त्यावर आणखी दोन हात मारून सुकू द्यायचे. मग तोही नव्या थराबरोबर सोलून निघतो.