सोंड, नळी आणि गुडघाभर समुद्र

दिवाळीच्या सुट्टीत मालवणला निघालात, तर पोरांनो, आधी हत्तीची गोष्ट ऐका. मासे आणि पोवळी मागाहून.

२०२१ च्या ऑक्टोबरात छत्तीसगडच्या जंगलातून हत्तींचा कळप आपल्या गडचिरोलीत आला आणि पुढे कुरखेडा तालुक्यातही फिरला. धान तुडवलं, घरं पाडली, लोकांनी रात्री जागून काढल्या, हे तुम्हाला सांगायला नको. पण या जनावराची एक करामत आपल्याकडे फार कमी लोकांना ठाऊक आहे. हत्ती खोल पाण्यात शिरला की त्याचं सगळं अंग बुडतं, डोकंसुद्धा बुडतं, आणि पाण्याच्या वर राहतं ते फक्त सोंडेचं टोक. त्या टोकातून तो निवांत श्वास घेतो आणि चालत किंवा पोहत पलीकडे निघून जातो.

"म्हणजे आम्हाला मालवणला नळी देणार आहेत, तसंच की जी!" धाकटा म्हणतो.

तसंच. डोळ्यांवर काच, तोंडात नळी, पोट खाली करून पाण्यावर तरंगायचं आणि खालचं जग बघायचं, याला स्नॉर्कलिंग म्हणतात. पण हत्तीची नळी दोन मीटरची आणि तुमची जेमतेम ४० सेंटिमीटरची. काहून? कारखानदाराला प्लास्टिक वाचवायचं होतं म्हणून?

पाण्याला वजन असतं. एक मीटर खोलीवर दर चौरस सेंटिमीटरला १०० ग्रॅमचा भार जास्त पडतो. म्हणजे दहा सेंटिमीटर लांब आणि तेवढ्याच रुंद चौकोनावर १० किलो. तुमची छाती असे कितीतरी चौकोन मिळून झालेली आहे. लांब नळी घेऊन मीटरभर खाली गेलात, तर वरची हवा आत ओढायला हा सगळा भार छातीच्या स्नायूंनी उचलायचा. ते जमत नाही. दुसरी अडचण त्याहून लबाड आहे. आपण सोडलेला श्वास लांब नळीत अडकून राहतो आणि पुढच्या वेळी तोच परत आत येतो. कार्बन डायऑक्साइड वाढत जातो, धाप लागते, डोकं गरगरतं. म्हणून नळी आखूड असते, आणि तिला पाईप जोडून लांब करायचा उद्योग कोणी करू नये.

मग हत्तीला कसं जमतं? आपल्या फुप्फुसाभोवती दोन पातळ पडदे असतात आणि त्यांच्या फटीत थोडा द्रव असतो. दोन मीटर खोलीवर नळीने श्वास घेतला, तर बाहेरून पाण्याचा दाब आणि आत साध्या हवेचा दाब या ओढाताणीत त्या पडद्यांतल्या बारीक रक्तवाहिन्या फुटतील. हत्तीत मात्र ही फटच नाही. त्याची फुप्फुसं छातीच्या भिंतीला एका मऊ, चिवट, धाग्याधाग्यांच्या ऊतीने जोडलेली असतात. ही गोष्ट शरीरशास्त्रज्ञांना तीनशे वर्षांपासून माहीत होती, पण ती अशी काहून आहे हे कोणाला सांगता येत नव्हतं. अमेरिकेतले श्वसनशास्त्रज्ञ जॉन वेस्ट यांनी २००१ मध्ये उत्तर मांडलं: ही सोंडेने श्वास घेत पाण्यातून जाण्याची तयारी आहे.

आपल्याजवळ ती तयारी नाही. आपली जागा पाण्याच्या वरच्या हातभर थरात. आणि मला तुम्हाला हेच सांगायचं आहे, की तेवढा थर पुरतो. सूर्याचा लाल रंग पाणी पहिल्या काही मीटरांतच गिळून टाकतं. खोल जावं तसं सगळं निळं-करडं होत जातं. पोवळ्यांना ऊन लागतं, तेही उथळातच मिळतं. बोटीने खोल नेऊन उडी मारायला लावणारे खूप भेटतील. पहिल्यांदा उतरणाऱ्याने मात्र किनाऱ्यावरून, आपल्या पायांनी चालत, आपल्या चालीने आत जावं. भीती वाटली की उभं राहता आलं पाहिजे. पाय टेकतात एवढा धीर दुसऱ्या कशाने येत नाही.

नळीने श्वास घेणारे आपल्या बोडीतही आहेत, ते एकदा पाहून घ्या. धानाच्या बांध्यांना पाणी देणारी ती बोडी. तिच्या काठच्या गवतात पाणविंचू उलटा लटकलेला असतो, डोकं खाली, शेपूट वर. ती शेपूट म्हणजे नांगी नव्हे. दोन पन्हाळी एकमेकांना चिकटून झालेली ती श्वासनळी आहे, आणि तिचं टोक बरोबर पाण्याच्या पृष्ठभागाला लागलेलं असतं. तो असा निश्चल राहतो की बेडकाचं पिल्लू आपणहून त्याच्या पुढच्या पायांत येतं. डासाची अळीही असाच श्वास घेते. शेपटीकडची नळी वर लावून ती तिरपी लटकते, सावली पडली की वळवळत खाली जाते आणि श्वास संपला की परत वर येते.

आता डोळ्यांचं. नदीत डोळे उघडले की सगळं धूसर दिसतं, हे तुम्ही अनुभवलंय. पाणी गढूळ नसलं तरी दिसतंच. आपल्या डोळ्यात प्रकाश वाकवण्याचं दोन-तृतीयांश काम समोरचं पारदर्शक बुबुळ करतं, आणि ते हवेतून येणाऱ्या प्रकाशासाठी. पाणी आणि बुबुळ प्रकाशाला जवळजवळ सारखंच वाकवतात, त्यामुळे पाण्यात ते काम बंदच पडतं. काच लावली की डोळ्यांपुढे हवेचा कप्पा तयार होतो आणि सगळं लख्ख होतं. फक्त एक फसगत राहते. वस्तू एक-तृतीयांश मोठी आणि जवळ दिसते. हात लांबवला की मासा हाताच्या पलीकडेच असतो.

थोरली विचारते, "काच नसताना कोणालाच दिसत नाही का, आबाजी?"

दिसतं. अंदमानच्या समुद्राच्या पलीकडच्या काठाला, थायलंड-म्यानमारच्या बेटांवर, मोकेन नावाचे समुद्रात राहणारे लोक आहेत. त्यांची तुमच्याएवढी पोरं काच न लावता तळावरचे शिंपले वेचतात. स्वीडनच्या ॲना गिस्लेन यांनी त्या पोरांची दृष्टी तपासली आणि २००३ मध्ये लिहिलं की ती युरोपातल्या पोरांच्या दुप्पट बारीक बघू शकतात. पाण्यात ती डोळ्यांची बाहुली अगदी लहान करतात, म्हणून. पुढे सराव दिल्यावर युरोपातल्या पोरांनाही ते साधलं. म्हणजे ही जन्माची देणगी नाही, शिकलेली विद्या आहे.

तुम्ही मात्र काच लावा, आणि सराव इथूनच करा. सती नदीच्या डोहात नव्हे, तिथे मोठ्या माणसांनीही जपूनच उतरावं. अंगणात घंगाळ भरून ठेवा. काच लावून, नळी दातांत धरून तोंड पाण्यात घाला आणि हळूहळू श्वास घ्या. पहिल्या दोन मिनिटांत जीव घाबरतो, कारण तोंडावर पाणी आलं की श्वास रोखायचा ही आपली जुनी सवय. ती मोडायला घंगाळासारखी जागा नाही. नळीत पाणी शिरलं की जोरात 'तू' म्हणायचं, पाणी वरून उडून जातं. काचेवर वाफ धरू नये म्हणून आतून थुंकी चोळून धुऊन टाकायची. किळस करू नका. थुंकीचा पातळ थर बसला की वाफेचे थेंब वेगळे न राहता पसरून जातात आणि आरपार दिसतं.

किनारा कसा निवडायचा? जगात एक बेट आहे, बोनेअर. दक्षिण अमेरिकेच्या वर, कॅरिबियन समुद्रात, नेदरलँड्सच्या ताब्यातलं. तिथे १९७९ मध्ये किनाऱ्याभोवतीचा समुद्र राखीव केला. पाण्यात कुठून उतरायचं ते रस्त्याकडेच्या पिवळ्या रंगवलेल्या दगडांवर नाव घालून सांगितलेलं असतं. वारा तिथे जवळजवळ वर्षभर पूर्वेकडून वाहतो, म्हणून पूर्वेचा किनारा खवळलेला आणि पश्चिमेचा शांत. नवशिक्यांनी पश्चिमेलाच उतरायचं. त्या समुद्रात भरती-ओहोटीचा फरक अर्ध्या मीटरहूनही कमी, त्यामुळे वेळ कुठलीही चालते.

मालवणचं तसं नाही. तिथे समुद्र दिवसातून दोनदा बराच चढतो आणि उतरतो, अमावास्या-पौर्णिमेला उधाणाने जास्त, अष्टमीच्या आसपास भांगाने कमी. शिवाय वारा दिवसात पालटतो. दुपारी जमीन तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरून वारा आत येतो, त्याने लाटा उठतात. म्हणून सकाळ शांत. तुम्हाला हवी सकाळची वेळ आणि भरत आलेलं पाणी. कोकणातली जुनी माणसं त्याचा हिशेब बोटांवर करतात. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन वाजता. एकादशीला सव्वाआठ. द्वादशीला नऊ. मालवणला भरती त्याआधी थोडी येते, नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यात बघून घ्यायची. पण आता तुमच्या लक्षात येईल की दिवाळीनंतर कार्तिकी एकादशी आणि तुळशीच्या लग्नाच्या सुमाराला सकाळची भरती आणि सकाळची शांतता एकाच वेळी हाताशी येतात.

वडशाहून गाडी धरून नागपूर, पुढे कोकण रेल्वेचं कुडाळ, आणि तिथून मालवण. हजारावर किलोमीटर होतात. गावाला लागून चिवला बीच आहे, अर्धचंद्रासारखं वळलेलं, वाळूचं, हळूहळू खोल होत जाणारं. पहिला दिवस तिथे. जवळच रॉक गार्डनचे कातळ आहेत. ओहोटी लागली की त्यांच्या खळग्यांत पाणी अडकतं आणि आत पोवळं, शेवाळ, खेकडे, बोटाएवढे मासे वरून दिसतात. ओहोटीला बाहेरून बघायचं, भरतीला आतून बघायचं. तिसरी जागा सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासची. महाराजांनी तो १६६४ ते १६६७ या काळात कुरटे बेटावर उभारला. त्याच्या तटाखालच्या खडकांवर आज पोवळी आहेत. हा सगळा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, २९ चौरस किलोमीटरांचं.

पोचलात की लगेच पळत सुटू नका. दहा-पंधरा मिनिटं वाळूत बसून समुद्र बघा. लाटा गटागटाने येतात, मोठ्या चार झाल्या की मध्ये उसंत असते. लाटा फुटत असताना मधेच एखादा पट्टा शांत, गढूळसर, फेस आत वाहून नेणारा दिसला, तर तोच सगळ्यांत वाईट. आलेलं पाणी त्या वाटेने परत जोरात आत जातं. तिथे कधीच उतरायचं नाही, आणि चुकून सापडलात तर किनाऱ्याकडे झगडायचं नाही, किनाऱ्याला समांतर बाजूला सरकायचं. स्थानिक कोळ्याला विचारा. विचारल्याशिवाय उतरू नका. एकटं तर नाहीच, आणि लाइफ जॅकेट घातल्याशिवायही नाही.

पायात घालायची वल्ही (फिन्स) हातात धरून कमरेएवढ्या पाण्यात जा, तिथे एकमेकाच्या खांद्याला धरून घाला. पाय उचलून टाकू नका, वाळूत घासत न्या. पाकट वाळूखाली दडून बसतो. तुमच्या पायाची धडपड त्याला आधी कळते आणि तो उडून जातो. वरून पाय पडला तर शेपटीचा काटा मारतो. प्रवाह ज्या दिशेकडून येत असेल तिकडे आधी जा, म्हणजे दमल्यावर तोच तुम्हाला परत आणेल.

आणि मग तोंड पाण्यात. पिवळ्या अंगावर काळे पट्टे असलेले मासे बहुधा पहिले येतात. पाव टाकून त्यांना बोलवणारे दिसतील, तुम्ही टाकू नका. खडकांवर शेवाळ खाणं हे त्यांचं काम, पाव खाऊन ते काम राहून जातं. खाली गोलसर, पिवळट-तपकिरी दगड दिसतील. नीट बघा. दगडावर टाचणीच्या टोकाएवढी बारीक भोकं आहेत. प्रत्येक भोकात एक प्राणी राहतो, आणि त्याच्या मांसात एकपेशीय शैवाल राहतं. शैवाल उन्हावर अन्न करतं आणि त्यातलं बरंच घरमालकाला देतं. त्या अन्नाच्या जोरावर तो प्राणी पाण्यातला चुना काढून घर बांधतो. या जातीचं नाव पोरायटीस, आणि ती वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढते. मीटरभर रुंद गोळा म्हणजे मधून पन्नास सेंटिमीटर, म्हणजे पन्नास वर्षांचा. त्याला आपल्या सागाच्या खोडासारखी वर्षावर्षाची वलयंही असतात. आणि उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी एक अंशाने जास्त तापून काही आठवडे तसंच राहिलं, तर शैवाल निघून जातं आणि पोवळं पांढरं फटक पडतं. मालवणलाही हे घडलं आहे.

म्हणून त्यावर उभं राहायचं नाही. दम लागला तर पाठीवर उताणे व्हा. एका पायाने पन्नास वर्षं मोडतात.

"आपल्याकडे समुद्र कधीच नव्हता का?" धाकट्याला हेच नेहमी सलतं. होता. चंद्रपुरात गडचांदूरकडे सिमेंटसाठी जो चुनखडक खणतात, तो जुन्या समुद्राच्या तळाशी साचलेला आहे. मासे जन्माला यायच्या कितीतरी आधीचा तो समुद्र. त्यात पोवळीही नव्हती.

परत येताना शंख दाखवायला आणाल, मला ठाऊक आहे. त्यापेक्षा मालवणहून फोटो आणा. पोवळं मात्र, मेलेलं आणि वाळूत पडलेलं असलं तरी, पिशवीत घालायचं नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत ताडोबाच्या वाघासोबत त्याचंही नाव आहे.