आजीची पेटी, नातीचा संगणक

आमच्या सासूबाईंचे वय अठ्ठ्याहत्तर. सारी हयात पेटी वाजवण्यात गेली; पण दोन वर्षांपूर्वी खांदा धरला, भाता हलवणे जमेना, आणि पेटीवर खोळ चढली ती चढलीच. गेल्या दिवाळीत आमच्या कन्येने आपला छोटा की-बोर्ड त्यांच्यापुढे ठेवला. "आजी, याला भाता नाही. तू नुसती बोटं चालव." भाऊबीजेला नणंदेकडे पाठवायची म्हणून, ठेक्यासोबत एका भजनाची चाल त्यांनी वाजवली. दोन ठिकाणी बोट अडखळले.

"त्यात काय, आत्ता नीट करते," म्हणून मुलीने संगणकावर सगळे सूर निवडले आणि एक कळ दाबली. चाल पुन्हा सुरू झाली. सासूबाईंनी शेवटपर्यंत ऐकली आणि म्हणाल्या, "सूर माझेच आहेत गं; पण वाजवणारी मी नाही."

ते वाक्य मला लागले. मी कॉलेजात मराठी शिकवते. वीस वर्षे मुलांचे निबंध तपासत आले आहे. लाल शाई इतकी फिरवावी की निबंध शुद्ध व्हावा, पण तो त्या मुलाचा मात्र राहू नये, हे पाप माझ्याही हातून घडले आहे. म्हणून मी खुर्ची ओढली आणि लेकीला म्हटले, "हे काय आहे ते मला नीट समजावून सांग."

वाचकहो, मला समजले ते असे. हा की-बोर्ड संगणकाला आवाज पाठवीत नाही, आज्ञा पाठवतो : कोणती पट्टी, केव्हा, किती जोराने दाबली आणि केव्हा सोडली. या सांकेतिक भाषेचे नाव 'मिडी'. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतील एका प्रदर्शनात एक अमेरिकन व एक जपानी वाद्य एकमेकांना जोडून तिचे प्रात्यक्षिक झाले. तिच्या उभारणीबद्दल डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी यांना २०१३ मध्ये तांत्रिक ग्रॅमी पुरस्कार मिळाला. स्वरांना यात ० ते १२७ असे क्रमांक असतात. पडद्यावर प्रत्येक सूर म्हणजे एक आडवी पट्टी. जितकी वर तितका स्वर उंच, जितकी लांब तितका वेळ तो धरलेला. जुन्या स्वयंचलित पियानोच्या भोके पाडलेल्या कागदी गुंडाळीवरून या मांडणीला 'पियानो रोल' म्हणतात.

मुलीने दाबलेली कळ होती 'क्वांटाइझ'ची. ती प्रत्येक सुराला ओढून मात्रेच्या रेघेवर बसवते. आमच्या सासूबाई समेच्या किंचित मागे रेंगाळतात, तीच तर त्यांच्या हाताची लज्जत. यंत्राला ती चूक वाटली!

मौज अशी, की थोडेच सूर निवडून त्यांना निम्मेच सरकवण्याची सोयही त्यात होती. पण ती दोन-तीन याद्यांच्या आड दडलेली, आणि सगळे सपाट करणारी कळ मात्र हाताशी. माणूस हाताशी असलेलेच वापरतो. म्हणून कोणती कळ कोठे ठेवायची हा नुसत्या सजावटीचा प्रश्न नव्हे.

असे काटे आणखीही आढळले. दोन सूर एकदम वाजले की त्यांच्या जोराचे खांब एकावर एक पडतात आणि मागचा हाती लागत नाही. साठ क्रमांकाच्या एकाच स्वराला कोणी सी-३ म्हणतो, कोणी सी-४. सासूबाईंचा सा काळी चारचा. पण पडद्यावरच्या ओळींवर 'सा रे ग' कोठेच नाही. आणि मींड? मूळ मिडीत सूर वाकवण्याची आज्ञा साऱ्या चॅनेलला लागू पडते. एक सूर वाकवावा तर सोबतचेही वाकतात. २०१८ मध्ये मान्य झालेल्या 'एमपीई' पद्धतीने प्रत्येक सुराला वेगळी चॅनेल दिली आणि २०२० च्या 'मिडी २.०' ने प्रत्येक सुराला स्वतंत्र वाकण्याची मुभा दिली. भाषा समृद्ध झाली. आता त्या सुरावरच पेन्सिलीने रेघ ओढावी इतक्या सहज मींड काढता आली पाहिजे. नाहीतर शब्दकोश मोठा आणि लेखणी बोथट, अशी गत व्हायची.

आम्ही केलेली दुरुस्ती मागे घेतली. अडखळलेल्या दोनच जागा निवडल्या आणि त्याही निम्म्याच सरकवल्या. चाल पुन्हा लावली. सासूबाईंची मान डोलू लागली.

"शेवटाकडे अजून एक जागा चुकली आहे," त्या मध्येच म्हणाल्या. लेकीचा हात लगेच माउसकडे गेला.

"राहू दे गं ती," सासूबाई म्हणाल्या. "तिला कळेल तरी, आईनंच वाजवलंय म्हणून."