मानाची पदवी आणि पुढारीपणाचें शिक्षण : अर्ज कसा करावा?



बारावीचा निकाल लागला कीं, पालक शाळेच्या पायऱ्या चढून येतात व बहुधा एकच प्रश्न विचारतात, "गुरुजी, गुण तर बरे पडले, आतां पुढें काय?" या प्रश्नाला आपल्या जिल्ह्यांत दोनच उत्तरें ठरून गेल्यासारखीं झालीं आहेत : डॉक्टरकी किंवा इंजिनियरी. ज्याला यांपैकीं एकही साधलें नाहीं, त्यानें जवळच्या कॉलेजांत नांव घालावें व दिवस मोजावे, अशी समजूत दिसते. पण याहून वेगळी अशी एक वाट आहे. ऑनर्सची, म्हणजे मानाची पदवी, व तिच्या जोडीला लोकांत मिसळून काम करण्याचें शिक्षण, ही ती वाट होय. तिच्या दाराशीं कसें जावें, अर्ज कसा लिहावा, हें सांगण्याचा या लेखाचा हेतु आहे. साऱ्याचें सार आरंभींच सांगतों : अर्ज म्हणजे स्वतःची स्तुति नव्हे; तो आपण केलेल्या कामाचा खरा हिशेब होय.

'ऑनर्स' हा शब्द आपल्याकडे नवा नाहीं. मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं स्थापन झालें. त्याची पहिली बी. ए. ची तुकडी १८६२ सालीं बाहेर पडली, आणि तींतील महादेव गोविंद रानडे यांनीं ही परीक्षा ऑनर्ससह उत्तीर्ण केली. पुढें दीर्घकाळ हा मान थोड्यांच्याच वांट्याला येई. २०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें मात्र त्याचा दरवाजा रुंद केला आहे. तीन वर्षें शिकून पदवी घ्यावी, किंवा चौथें वर्ष पुरें करून ऑनर्स घ्यावी, अशी ही व्यवस्था असून महाराष्ट्रांतील संलग्न महाविद्यालयांत ती २०२४-२५ पासून सुरू झाली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्याप्रमाणें तीन वर्षांच्या पदवीस किमान १२० व चार वर्षांच्या ऑनर्सला किमान १६० श्रेयांक लागतात. ज्याला संशोधनासह ऑनर्स हवी असेल, त्यास पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण असावे लागतात. या अटीचा अर्थ नीट ध्यानांत घ्या. चौथ्या वर्षाचा अर्ज पहिल्या वर्षाच्या पहिल्या सत्रापासूनच लिहिला जात असतो. "पहिलें वर्ष सोपें, पुढें पाहूं" असें म्हणणारा विद्यार्थी स्वतःच्या हातानें पुढचें दार लावून घेतो.

कांहीं संस्था मात्र प्रवेशाच्या वेळींच निवड करतात. त्यासाठीं दूर पाहण्याची गरज नाहीं. टाटा समाजविज्ञान संस्थेचें एक केंद्र आपल्याच जिल्ह्यांत, तुळजापूर येथें, १९८६ पासून आहे. ग्रामीण भागाचे प्रश्न गांवांत जाऊन अभ्यासावेत, हा त्याचा विशेष. देशांतील नाना प्रांतांतून मुलें तेथें येतात; पण तुळजापूरची यात्रा दरसाल करणाऱ्या आपल्यांतील कितीकांना ती वास्तु ठाऊकही नसते! मध्यवर्ती विद्यापीठांसाठीं व इतर अनेक संस्थांसाठीं २०२२ पासून सी. यू. ई. टी. ही सामायिक प्रवेश परीक्षा घेतली जाते. ती तेरा भाषांतून देतां येते व त्यांत मराठी आहे, ही गोष्ट आपल्या मुलांनीं मुद्दाम लक्षांत ठेवावी. कोणती संस्था ही परीक्षा मानते, किती शुल्क घेते व अर्जाची मुदत कोणती, हें ज्या त्या संस्थेच्या चालू वर्षाच्या माहितीपत्रकांतच पाहावें. ऐकीव माहितीवर विसंबूं नये.

आतां पुढारीपणाविषयीं. हा शब्द ऐकतांच आपल्या डोळ्यांपुढें हार, फलक आणि भाषण येतें. परीक्षकांना तें अभिप्रेत नसतें. सेसिल ऱ्होड्स यांच्या मृत्युपत्रानें १९०२ नंतर ऑक्सफर्ड येथें जी शिष्यवृत्ति सुरू झाली, तींत केवळ पुस्तकी विद्वत्तेवर निवड होऊं नये. सत्यनिष्ठा, धैर्य, दुर्बलांविषयीं कळकळ व सहकाऱ्यांची काळजी वाहण्याची वृत्ति हींही पाहावींत, अशी अट होती. ऱ्होड्स साम्राज्यवादी होते, आणि त्यांच्या शिष्यवृत्तीचें दार स्त्रियांना १९७७ पर्यंत बंद होतें, हें खरें. तरी गुणांच्या जोडीला शील पाहण्याची ही रीत पुढें जगभर पसरली. भारतीय विद्यार्थ्यांना ही शिष्यवृत्ति १९४७ पासून मिळत आली आहे. आपल्या देशांत राष्ट्रीय सेवा योजना १९६९ सालीं सुरू झाली. तींत दोन वर्षांत २४० तास सेवा व सात दिवसांचें विशेष शिबिर अपेक्षित असतें. तिचें प्रमाणपत्र जरूर मिळवावें. परंतु त्या तासांत आपण काय केलें, हें सांगतां आलें नाहीं तर तो कागद मुकाच राहतो.

येथें एका विद्यार्थिनीची हकीकत सांगतों. ती आपलें निवेदन घेऊन मजकडे आली. "लहानपणापासून मला देशसेवेची आवड असून नेतृत्वगुण माझ्या रक्तांत आहेत," असा त्याचा आरंभ होता. वाक्य कोठून तरी उतरून घेतलेलें होतें. मीं कागद बाजूला ठेवला व विचारलें, "गेल्या दोन वर्षांत तूं घराबाहेर काय केलेंस?" ती म्हणाली, "कांहीं नाहीं, गुरुजी." बराच वेळ बोलल्यावर कळलें कीं, दुष्काळाच्या उन्हाळ्यांत गांवाला टँकर येई, तेव्हां कोणत्या आळीला कोणत्या दिवशीं पाणी मिळालें व कोणाच्या घरीं किती घागरी गेल्या, हें ती एका वहींत लिहून ठेवीत असे. भांडणें होऊं लागलीं म्हणून आळींतल्या बायांनींच तिला तें काम दिलें होतें. एकदां गांवांतील एका वजनदार गृहस्थांनीं जादा पिंप भरून मागितलें. तिनें वही पुढें केली व म्हटलें, "काका, तुमची पाळी परवां." ही गोष्ट तिनें अर्जांत घातली नव्हती, कारण पाण्याच्या रांगेची गोष्ट मोठ्या लोकांपुढें कशी सांगावी, याची तिला लाज वाटत होती!

मुलांनो, ही लाज टाकून द्या. दुसऱ्यानें लिहिलेल्या, किंवा हल्लीं संगणकाकडून लिहवून घेतलेल्या, भारदस्त वाक्यांनीं परीक्षक भुलत नाहींत; तसले शेंकडों कागद त्यांच्या हाताखालून जातात. त्या मुलीनें निवेदन पुन्हा लिहिलें : अडचण काय होती, मीं काय केलें, काय साधलें, काय साधलें नाहीं, व त्यामुळें आतां काय शिकावेंसें वाटतें. या पांच प्रश्नांचीं उत्तरें म्हणजेच चांगलें निवेदन. मुलाखतींत तिला बहुतेक प्रश्न त्या वहीवरच आले. "ज्याच्या घरीं माणसें जास्त, त्याला घागरी जास्त कां नाहींत?" असेंही विचारलें. तिनें सांगितलें, "तें माझ्या उशिरां ध्यानांत आलें." पहिल्या यादींत तिचें नांव नव्हतें, दुसऱ्या यादींत तें आलें. आपली चूक सरळ कबूल करणें हेंही पुढारीपणाचेंच लक्षण आहे.

शिफारसपत्राविषयींही आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. शिफारस म्हणजे वशिला नव्हे. ज्यानें तुमचें काम डोळ्यांनीं पाहिलें, त्याची ती साक्ष होय. डॉ. भीमराव आंबेडकर यांचें उदाहरण घ्या. शाळकरी भीमराव मुंबईंत चर्नी रोडच्या बागेंत वाचीत बसत. तेथें विल्सन हायस्कुलांतील शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांची दृष्टि त्यांच्यावर गेली. १९०७ सालीं भीमराव मॅट्रिक झाले, तेव्हां केळुसकरांनीं आपलें बुद्धचरित्र त्यांना भेट दिलें. पुढें पैशावांचून शिक्षण अडलें, तेव्हां तेच त्यांना बडोद्याचे सयाजीराव महाराज यांच्याकडे घेऊन गेले. महाराजांनीं तरुणास स्वतः प्रश्न विचारले व उत्तरांनीं समाधान होऊन दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ति दिली. १९१३ सालीं त्यांना अमेरिकेंतील कोलंबिया विद्यापीठांत शिकण्यासाठीं दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ति तीन वर्षांकरितां मिळाली. मोबदल्यांत दहा वर्षें संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. शिफारस, मुलाखत, शिष्यवृत्ति, अट, हा सारा क्रम तेव्हांही असाच होता. त्याचा आरंभ मात्र बागेंतील वाचनापासून झाला. तेव्हां त्या मुलाला कोणी पाहत आहे, हें त्याला ठाऊकही नव्हतें.

म्हणून शिक्षकांकडे शेवटच्या दिवशीं धांवत जाऊं नका. निदान तीन आठवडे आधीं भेटा, आपलें निवेदन त्यांना वाचावयास द्या, व कोणतें काम त्यांनीं स्वतः पाहिलें आहे, याची आठवण करून द्या.

कागदपत्रांची बाब रुक्ष, पण घातकी. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचें प्रमाणपत्र व लागू असल्यास नॉन क्रिमी लेयर, हीं मुदतीच्या तोंडावर मिळत नाहींत. सुटींतच त्यांच्या मागें लागावें. सर्व कागदांवर नांव व जन्मतारीख अक्षरशः एकच असावी. शुल्काच्या भीतीनें अर्जच न करणें ही मात्र मोठी चूक. शिष्यवृत्तीची संवय शाळेंतच लावतां येते. आठवींत होणाऱ्या राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक परीक्षेंत निवड झालेल्यास नववी ते बारावी दरसाल १२,००० रुपये मिळतात. त्यासाठीं पालकांचें वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आंत असावें लागतें, व ही सोय सरकारी, स्थानिक संस्थांच्या व अनुदानित शाळांतील मुलांस आहे. धाकट्या भावंडांना हें अवश्य सांगा.

शेवटीं पालकांस दोन शब्द. अर्ज मुलानें लिहावा, तुम्हीं नव्हे; पण त्याला बळ द्या. विशेषतः मुलीच्या बाबतींत "इतक्या लांब कशाला?" हा प्रश्न विचारण्याआधीं त्या संस्थेचें वसतिगृह स्वतः पाहून या, तेथें शिकणाऱ्या मुलींशीं बोला, मग निर्णय घ्या. आणि निवड न झाली तर घरांत सुतक पाळूं नका. निवेदन लिहितांना जो आत्मपरीक्षणाचा अभ्यास घडतो, तो वायां जात नाहीं.

विद्यार्थ्यांनो, आजच एक वही करा. दर रविवारीं तींत एकच ओळ लिहा : या आठवड्यांत मीं दुसऱ्याच्या उपयोगी असें काय केलें? कांहीं आठवड्यांची ओळ कोरी राहील. ती तशीच राहूं द्या, खोटी भरूं नका. तीन वर्षांनीं जेव्हां अर्ज हातीं येईल, तेव्हां ती वहीच तुम्हांस काय लिहावें तें सांगेल.