गाणे हराम की हलाल, ठरवणार कोण?

नांदेडच्या देगलूर नाक्यावर, लातूरच्या गंजगोलाईत मुस्लिम पोरांच्या मोबाईलमध्ये एम. सी. स्टॅनचा रॅप असतो आणि त्याच मोबाईलमध्ये मौलानांचे बयानही असते. रमजानमध्ये गाणी बंद, ईद झाली की पुन्हा चालू. मनुवादी माध्यमांना यात फक्त 'कट्टरता' दिसते. पोराला पडलेला प्रश्न मात्र साधा आहे : मला जे आवडते ते पाप आहे काय?

डॉ. झाकीर नाईक यांचे उत्तर ठाम : डफ सोडून बाकी वाद्ये निषिद्ध. त्यांच्या संस्थेवर २०१६ साली सरकारने बंदी घातली. क्लिपा फिरायच्या थांबल्या नाहीत. पण इस्लाममध्ये हे एकच उत्तर कधीच नव्हते. इमाम गझालींनी नऊशे वर्षांपूर्वी काही अटी घालून संगीताला मोकळीक दिली. चिश्ती सूफींनी समा जपला. मराठवाड्यातल्या उरुसात कव्वाली ऐकायला आपल्या वस्तीतली माणसेही मांडी घालून बसली. प्रल्हाद शिंदे यांच्या गळ्यात भीमगीत आणि कव्वाली शेजारी शेजारी नांदत होती. दोन मिनिटांच्या क्लिपमध्ये हा इतिहास कसा मावणार?

पाकिस्तानचा पॉप गायक जुनैद जमशेद याने धर्मासाठी पॉप गाणे सोडले. त्याचा निर्णय, त्याचा हक्क. पण काश्मीरच्या 'प्रगाश' बँडमधल्या तीन शाळकरी मुलींनी २०१३ साली गाणे सोडले ते धमक्या आणि मुफ्तींच्या फतव्यानंतर. याला स्वेच्छा म्हणत नाहीत. आणि पुण्याच्या वस्तीतून वर आलेल्या स्टॅनचा इंदूरचा कार्यक्रम मार्च २०२३ मध्ये बंद पाडला, तो कुणा मौलवीने नव्हे, करणी सेनेने! वस्तीतल्या पोराचा आवाज दोन्हीकडे खुपतो.

आपले घर याहून फार वेगळे आहे, असे समजू नये. अष्टशीलातही नाचगाण्यापासून दूर राहण्याचे शील आहेच. तरी बाबासाहेब व्हायोलिन शिकले, आणि जलशांनी चळवळ गावोगाव नेली. १४ एप्रिलच्या डीजेवरून आपल्यात वाद होतात, होऊ द्यात. वाद होतो, फतवा निघत नाही. कडूबाई खरात एकतारीवर भीमगीत गातात, ते याच मोबाईलवरून घराघरांत पोहोचले. देगलूर नाक्यावरची एखादी मुलगी उद्या अशीच गायला उभी राहिली, तर तिच्या बाजूने बोलायला मोहल्ल्यातले किती जण येतील, आणि आपल्यातले किती?