विमानाचे डोळे काचेमागे

बारामतीच्या धावपट्टीवर वैमानिक घडतात. इंदापूर तालुक्यात, उजनीकाठच्या डाळजसारख्या गावांतून त्यांची छोटी प्रशिक्षण विमाने सहज दिसतात. हिवाळ्यात सकाळी जलाशयावर धुके असले, की पाणी आणि आकाश एकच वाटतात. अशा वेळी शरीरावर विसंबणे घातक. कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा सावकाश वळण ओळखतच नाही. विमान कलंडलेले असताना आपण सरळ आहोत असेच वाटते. म्हणून समोर कृत्रिम क्षितिज असते: वर निळे, खाली तपकिरी. जुन्या विमानांत ते वेगाने फिरणाऱ्या चक्रावर, म्हणजे जायरोवर चालते.

वेग आणि उंची मात्र हवाच सांगते. पिटो नळीत समोरून शिरणाऱ्या हवेच्या दाबातून बाजूच्या छिद्रातला स्थिर दाब वजा केला, की वेग कळतो. उंची चढेल तसा स्थिर दाब घटतो. समुद्रसपाटीजवळ साधारण 27 फुटांना 1 हेक्टोपास्कल. त्यामुळे उंचीमापकात त्या दिवशीचा दाब चुकीचा भरला, तर उंचीही चुकते.

आता सहा गोल तबकड्यांऐवजी संगणकी पडदे आले: मध्ये क्षितिज, डावीकडे वेग, उजवीकडे उंची. माझ्या मते नवशिक्याने तबकड्याही शिकाव्यात, कारण पडद्यालाही माहिती लागते ती त्याच नळीची. कुंभारमाशी त्या नळीत चिखल भरू शकते, म्हणून उभ्या विमानाच्या नळीवर आवरण घालतात आणि उड्डाणापूर्वी ते काढल्याची खात्री करतात.